महासागरासाठी शिडाची बोट निवडताना या चुका टाळा

उजनीच्या पाण्यात सपाट बुडाच्या होडीत उभं राहिलं तरी ती फारशी हलत नाही. त्यामुळे आपल्या सोलापूरकडच्या माणसाला वाटतं, जी डुलत नाही ती सुरक्षित. समुद्रातल्या बोटींची तुलना इथेच चुकते.

रुंद बूड सहजासहजी कलत नाही, पण मर्यादेपलीकडे गेलं की थेट उलटतं. खोल कीलची, म्हणजे बुडाखाली पाण्यात उतरलेल्या जड कण्याची, एकबुडी बोट साध्या वाऱ्यातही कलते, नवख्याला धडकी भरते. मात्र कीलमधलं शिसं किंवा ओतीव लोखंड तिला पुन्हा उभं करतं. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत भारतीय नौकानयनपटू अभिलाष टॉमींची ‘थुरिया’ ही बोट दक्षिण हिंदी महासागरात पूर्ण गिरकी घेऊन उलटली. डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला, पण बोट सुलट झाली. कॅटामरानला, म्हणजे दोन बुडांच्या बोटीला, असं वजन नसतं. ती सहसा बुडत नाही हे खरं, पण भर समुद्रात एकदा उलटली की उलटीच राहते.

कॅटामरान घेणाऱ्यांनी आणखी एक जपावं. ती कलत नसल्यामुळे शिडावर ताण वाढलेला अंगाला जाणवत नाही. म्हणून शीड कमी करायचं ते वाऱ्याच्या मीटरवरचा आकडा पाहून. शिवाय जाहिरातीतला वेग रिकाम्या बोटीचा असतो. चारशे लिटर पाणी म्हणजे चारशे किलो, वर डिझेल आणि महिन्याचा शिधा. भार वाढला की बोट खाली बसते आणि दोन बुडांमधल्या तळावर लाटा आदळू लागतात.

एकबुडीतही लांब कील की आखूड, यावर लोक हट्टाला पेटतात. गोल्डन ग्लोबमध्ये सगळ्या बोटी लांब कीलच्या, कारण नियमच तसा आहे. तेवढ्यावरून आखूड कील वाईट ठरत नाही. लांब कील दिशा धरून ठेवते, सुकाणूला आडोसा देते, पण बंदरात मागे घेताना छळते. आखूड कील चपळ, वारा येतो त्या दिशेला चांगली चढते. जुनी घेत असाल तर कील आणि बूड जुळतात त्या रेषेवरून हाताचं बोट फिरवा. बारीक चीर किंवा गंजाचा ओघळ दिसला, तर बोट कधी खडकाला लागली होती का ते विचारा आणि आतले बोल्ट तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

एकबुडीच्या कमाल वेगाचा अंदाज एकूण लांबीवरून बांधू नका, पाण्याला टेकलेली लांबी धरा: २५ फुटांना साधारण ६.७ नॉट (तासाला सागरी मैल).

चाचणीसाठी मुंबई-गोव्याला जाल तेव्हा वारा असलेला दिवस मागून घ्या.