तळपाय दुखतो तेव्हा या चुका टाळा

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकवताच टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते, भिंतीचा आधार घेत दहा-वीस पावले टाकली की ती ओसरते, आणि दुपारी तासभर बसून उठल्यावर पुन्हा तोच प्रकार होतो. हे वर्णन ज्यांना तंतोतंत लागू पडते त्यांच्यापैकी बहुतेकांना प्लांटर फॅशियायटिस, म्हणजे तळव्याच्या पट्ट्याचा विकार, झालेला असतो. सगळ्यांनाच तो असतो असे मात्र नाही. तळपायाच्या दुखण्यात उपचार फसतात ते मुख्यतः नेमके कोठे आणि केव्हा दुखते हे न पाहता कोणी तरी सांगितलेले नाव धरून बसल्यामुळे, आणि मीही एकदा तसाच बसलो होतो.

"हाड वाढलंय" या निदानावर थांबणे

काही वर्षांपूर्वी माझ्या उजव्या टाचेचा एक्स-रे काढला, तेव्हा टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूने पक्ष्याच्या चोचीसारखे एक टोक आलेले दिसले. "हाड वाढलंय" एवढे दोन शब्द ऐकून मी घरी आलो आणि हाड वाढते ते कॅल्शियममुळे, या घरगुती तर्काने तीन महिने दूध आणि दही बंद केले. टाच दुखायची ती दुखतच राहिली. या तर्काला कोणताही आधार नाही, आणि तरीही तो घराघरांत पाळला जातो, विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या बायकांकडून, ज्यांच्या हाडांना खरे तर कॅल्शियमची गरज अधिक असते.

टाचेच्या हाडाच्या खालच्या, आतल्या कडेपासून निघून पाचही बोटांच्या मुळांपर्यंत जाणारा एक जाड, चिवट पट्टा तळव्यात असतो. धनुष्याची दोरी कमान ताणून धरते तसा तो तळपायाची कमान सावरतो, आणि चालताना टाच उचलून बोटे वाकली की तो आणखी ताणला जातो. टाचेपाशी, जेथे तो हाडाला चिकटलेला असतो तेथे, ताण सोसून सोसून त्याचे तंतू झिजतात आणि दुखणे सुरू होते. हाडाचे ते टोक याच ओढाताणीच्या जागेजवळ वर्षानुवर्षांत तयार होते. कधीच टाच न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्ये ते सापडते, आणि ज्यांची टाच पूर्ण बरी होते त्यांचेही टोक जागच्या जागी राहते. म्हणून एक्स-रेतील टोक पाहून घाबरण्याचे कारण नाही आणि ते "विरघळवण्याचे" दावे करणाऱ्या तेला-लेपांवर पैसे घालवण्याचे तर मुळीच नाही.

त्यापेक्षा आपला अंगठा अधिक माहिती देतो. खुर्चीत बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, एका हाताने पाचही बोटे नडगीकडे ओढावीत, म्हणजे तळव्यात दोरीसारखा पट्टा वर आलेला जाणवतो. मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाचेच्या मांसल भागाची पुढची, आतल्या बाजूची कड दाबावी. तेथे एका ठिकाणी "आई गं" म्हणायला लावणारी कळ आली आणि सकाळच्या पहिल्या पावलाची तक्रारही असली, तर निदान जवळजवळ नक्की समजावे. डॉक्टरही बहुधा एवढ्यावरच ते करतात.

प्रत्येक टाचदुखीला एकच औषध लावणे

कळ त्या ठिकाणी नसेल, तर विचार बदलावा लागतो. टाचेच्या अगदी मध्यभागी ठेचल्यासारखे दुखत असेल, सकाळी फारसे नसून कडक फरशीवर उभे राहिल्याने वाढत असेल, तर टाचेखालची चरबीची गादी पातळ झालेली असू शकते. तेथे ताणण्याच्या व्यायामापेक्षा मऊ, खोलगट टाचेच्या पादत्राणाचा उपयोग अधिक होतो. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर असह्य दुखले, तर टाचेच्या हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शक्यता असते. पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी महिनाभर आधी अचानक डांबरी रस्त्यावर रोज धावू लागणाऱ्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण तड्यावर व्यायाम केल्यास तो वाढतो. दुखणे चवड्यात असेल, तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या बेचक्यात जळजळते आणि बुटात खडा गेल्यासारखे वाटते असे असेल, तर तेथील मज्जातंतू दाबला जात असतो, आणि अनेकदा रुंद तोंडाचा बूट घेतल्यानेच निम्मे काम होते. आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलांची टाच मागच्या बाजूने दुखते ती बहुधा वाढीच्या कूर्चेवर ताण आल्याने, आणि खेळ काही काळ कमी केल्यावर ती बरी होते.

दोन्ही टाचा एकदम दुखणारा विशी-तिशीतला तरुण मात्र वेगळ्या नजरेने पाहावा लागतो. त्याची कंबर सकाळी अर्धा-पाऊण तास आखडलेली असते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते, असे असेल, तर टाचेचे दुखणे हे मणक्याच्या संधिवाताचे लक्षण असू शकते. अशी मुले अस्थिरोगतज्ज्ञांकडून टाचेत इंजेक्शने घेत फिरतात आणि संधिवाततज्ज्ञांपर्यंत फार उशिरा पोहोचतात.

मधुमेहात पायाची आग "उष्णता" समजणे

दोन्ही तळव्यांची रात्री आग होते, मुंग्या येतात, चादरीचा स्पर्शही नको वाटतो, अशी तक्रार आपल्याकडे "अंगात उष्णता झाली" म्हणून काशाच्या वाटीने तूप चोळण्यावर किंवा सब्जाच्या पाण्यावर निभावली जाते. तूप चोळल्याने बरे वाटते हे खरे, आणि चोळू नये असेही माझे म्हणणे नाही. परंतु ही आग बहुधा मज्जातंतूंची असते, आणि तिच्यामागे मधुमेह किंवा बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता असण्याची शक्यता मोठी असते. शाकाहारी माणसांत ही कमतरता पुष्कळ आढळते, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही बी-12 कमी होऊ शकते, म्हणून दोन्ही रक्ततपासण्या एकदमच करून घ्याव्यात.

यानंतरचा टप्पा अधिक धोक्याचा, कारण त्यात दुखतच नाही. संवेदना गेलेल्या पायाने गरम पाण्याच्या बादलीत बसले, तर कातडी भाजते आणि माणसाला ते पायावरचा फोड पाहिल्यावर कळते. मधुमेह असणाऱ्याने शेक घ्यायचाच असेल, तर पाणी आधी कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाताने तपासून घ्यावे. कुरूप झाले म्हणून ब्लेडने कोरणे किंवा दुकानातून आणलेली कुरुपाची पट्टी चिकटवणे हेही अशा पायासाठी वर्ज्य आहे. त्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असते, ते जाड कातडीबरोबर शेजारची चांगली कातडीही खाते आणि तेथे जखम होते. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याचे व्रत अनेकजण श्रद्धेने करतात. ऑक्टोबरच्या उन्हात तापलेली देवळाच्या आवारातील फरशी धडधाकट पायाला सोसते, बधिर पायाला मात्र ती कळतच नाही, म्हणून व्रत घेण्यापूर्वी पायाची संवेदना डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. ही तपासणी दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या धाग्याने दोन मिनिटांत होते आणि तिला सुई लागत नाही.

घरात अनवाणी आणि बाहेर सपाट चपलेत

आपण चपला दारात काढतो, ही रीत चांगलीच आहे, पण पूर्वीच्या सारवलेल्या जमिनीची जागा आता टाइल्स आणि ग्रॅनाइटने घेतली आहे, आणि ओट्यापाशी रोज तीन-चार तास अनवाणी उभ्या राहणाऱ्या बाईची टाच त्याची किंमत मोजते. घरात वापरायला, बाहेर कधीही न नेलेली, जाड तळाची आणि कमानीला थोडा उठाव असलेली वेगळी चप्पल ठेवणे हा या दुखण्यातील सर्वांत स्वस्त उपचार आहे. ती पलंगाशेजारी ठेवावी, म्हणजे सकाळचे पहिले पाऊल तिच्यातच पडते. स्नानगृहातील झिजलेली हवाई चप्पल यासाठी चालत नाही, आणि कोल्हापुरी चप्पल दिसायला कितीही देखणी असली तरी तिचा सपाट, कडक तळ दुखऱ्या टाचेच्या कामाचा नाही. जत्रेत आणि रेल्वे स्थानकाबाहेर मिळणाऱ्या काटेरी ॲक्युप्रेशर चपला तर आधीच झिजलेल्या जागेवर दिवसभर टोचत राहतात. मला एक जोड भेट मिळाला होता, तो मी दोन दिवसांत माळ्यावर टाकला.

विश्रांतीने बरे होईल म्हणून पाय उचलून बसणे, किंवा जिद्दीने चालत राहणे

या दोन्ही टोकांना माणसे जातात. पूर्ण विश्रांतीने पट्टा आणि पोटरी अधिकच आखडतात, तर "चालून चालून मोकळी होईल" म्हणून रोजच्या तीन किलोमीटरचे सहा केल्याने झीज वाढते. दुसऱ्या दिवशी सकाळची कळ आदल्या दिवसापेक्षा वाढली नाही, तर कालचे चालणे योग्य होते, असा साधा हिशेब ठेवावा.

व्यायाम करायचा तो अंथरुणातून उतरण्यापूर्वी. वर सांगितल्याप्रमाणे पाय मांडीवर घेऊन बोटे नडगीकडे ओढावीत, दहापर्यंत मोजावे, सोडावे, आणि असे दहा वेळा करावे, दिवसात तीनदा. त्याच्या जोडीला भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे ठेवून, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटलेली ठेवून पोटरी अर्धा मिनिट ताणावी. मागची टाच उचलली गेली की ताण पोटरीला मिळत नाही, आणि बरेच लोक नेमके तेथेच चुकतात. कळ थोडी कमी झाल्यावर पायरीच्या कडेवर चवडा ठेवून, बोटांखाली गुंडाळलेला पंचा घेऊन, टाच तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबून तीन सेकंदांत खाली, अशा संथ हालचाली एक दिवसाआड कराव्यात, म्हणजे पट्ट्याला ताकद येते. संध्याकाळी ठणकल्यास पाण्याची बाटली बर्फ करून, पायमोजा घालून, तिच्यावर तळवा दहा मिनिटे फिरवावा. बधिर पायाच्या मधुमेहींनी हेही करू नये. वजन वाढलेले असेल, तर ते उतरवल्याशिवाय बाकी सगळे उपाय अर्धेच लागू पडतात, हे कटू असले तरी सांगायला हवे.

घाईने इंजेक्शन, आणि औषधांच्या दुकानातून गोळ्या

जुन्या टाचदुखीत सुजेपेक्षा झिजेचा भाग मोठा असतो, त्यामुळे डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी चार दिवस आराम पडतो आणि गोळी थांबली की दुखणे परत येते. मूत्रपिंडाचा, रक्तदाबाचा किंवा जठरव्रणाचा त्रास असणाऱ्यांनी त्या मनाने घेऊ नयेत. टाचेतील स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे सुटका होते, पण ते वारंवार घेतल्यास पट्टा फाटण्याचा आणि टाचेची चरबी विरण्याचा धोका असतो. चालताना एकदम "फट्" असे होऊन तळव्यात सूज आणि काळेनिळेपणा आला, तर पट्टा फाटला असे धरून त्याच दिवशी दाखवावे. पाय टेकवताच येत नसेल, ताप आणि लालसर गरम सूज असेल, किंवा झोपेतही ठणका थांबत नसेल, तरीही व्यायामाच्या फंदात न पडता डॉक्टर गाठावेत.

एरवी दहापैकी आठ-नऊ जण शस्त्रक्रियेविना बरे होतात, मात्र त्याला सहा महिने ते वर्ष लागू शकते. सहा महिने नेमाने केल्यावरही फरक पडला नाही, तर शॉकवेव्ह उपचाराचा, म्हणजे यंत्राने बाहेरून टाचेवर ध्वनिलहरींचे झटके देण्याचा, विचार करता येतो, आणि शस्त्रक्रियेचा त्यानंतर. माझी टाच आठव्या महिन्यात दुखायची थांबली. हाडाचे ते टोक अजून तेथेच आहे, आणि पलंगाशेजारची चप्पलही.