इंकस्केपमध्ये पीडीएफ दुरुस्त करताय? या चुका टाळा

लग्नसराईत अमळनेर-चोपड्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत गिऱ्हाईक मोबाईलवर पत्रिकेची पीडीएफ घेऊन येतं आणि म्हणतं, "तारीख तेवढी बदलून द्या." मूळ फाइल कुणाकडेच नसते. इंकस्केप हे फुकटातलं चित्र-डिझाइनचं सॉफ्टवेअर इथे कामाला येतं, पण ते पीडीएफ जशीच्या तशी दुरुस्त करत नाही. तिचे तुकडे करून आपल्या एसव्हीजीत, म्हणजे स्वतःच्या फाइल प्रकारात, आणतं. बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

फाइल उघडताना येणारी चौकट न वाचता ओके दाबू नका. पॉपलर/कैरो पर्याय घेतला तर पान हुबेहूब दिसतं, पण अक्षरांचे नुसते आकार होतात. टाइप काहीच करता येत नाही. एखादा लोगो काढून घ्यायचा असेल तर तोच पर्याय बरा. मजकूर बदलायचा तर अंतर्गत आयात घ्या. पानं अनेक असतील तर इंकस्केपची आवृत्ती १.२ किंवा पुढची हवी.

खरी डोकेदुखी मराठी मजकुराची. पीडीएफमध्ये फॉन्ट जोडलेला असला तरी बहुधा त्यात वापरलेल्या अक्षरांपुरताच असतो, आणि संपादनासाठी इंकस्केपला तो तुमच्या मशीनवर लागतो. पत्रिका श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टात केलेली असेल आणि तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल, तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्येही सुटका नाही: वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, जोडाक्षर फुटतं. अहिराणी पत्रिकेतलं 'बठ्ठासले आवतन' घ्या. त्यातला ठ्ठ सुटून पाय मोडलेला ठ आणि साधा ठ असे दोन वेगळे उभे राहतात.

अशी ओळ अक्षर-अक्षर जुळवत बसू नका. जुनी ओळ फिकी करून लॉक करा, मुक्ता किंवा बालूसारख्या मोफत युनिकोड फॉन्टात तिच्यावरच नवी ओळ टाइप करा, आकार जुळला की जुनी काढून टाका. आणि बदल एकाच ओळीत करून सोडू नका; शेजारच्या ओळीचा फॉन्ट वेगळा दिसला की पत्रिकेवर ठिगळ लावल्यासारखं वाटतं. त्या खणातला सगळा मजकूरच नव्याने टाका. फॉन्ट तुमच्याकडे असूनही टाइप केल्यावर अक्षरं वेडीवाकडी पसरत असतील, तर टेक्स्ट मेनूत अक्षरांमधली वेगळी दिलेली अंतरं काढणारं 'रिमूव्ह मॅन्युअल कर्न्स' आहे, ते वापरा.

एखादी वस्तू निवडलीच जात नाही? ती गटात किंवा क्लिपमध्ये, म्हणजे बाहेरचा भाग लपवणाऱ्या आकारात, अडकलेली असते. कंट्रोल-शिफ्ट-जी दाबून गट मोडा, मग ऑब्जेक्ट मेनूतून क्लिप सोडवा.

सगळ्यात घातक सवय म्हणजे आधार नंबर किंवा खाते क्रमांकावर काळी पट्टी ओढणं. पट्टीखालचा मजकूर पीडीएफमध्ये तसाच राहतो, कॉपी करून कुणीही वाचू शकतो. फोटो क्लिप केला तरी कापलेला भाग फाइलीत असतोच. मजकूर हटवाच, झाकू नका.

काम एसव्हीजीत जपून ठेवा आणि प्रेसला द्यायची पीडीएफ वेगळी काढा. ती काढताना 'मजकूर पाथमध्ये बदला' निवडा; अक्षरांचे नुसते आकार होतात, म्हणजे प्रेसवाल्याकडे फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. सावली, धूसरपणा असे इफेक्ट असतील तर त्याच चौकटीत ९६ डीपीआय (एका इंचात किती ठिपके) हा आकडा आधीच भरलेला असतो. छपाईसाठी तो ३०० करा. रंग मात्र आरजीबीच, म्हणजे पडद्याच्या पद्धतीचेच, राहतात, छपाईच्या शाईचे होत नाहीत, त्यामुळे ऑफसेटवर पडद्यावरचा भगवा तसाच येईल असं गिऱ्हाइकाला सांगू नका. रंगाबाबत काटेकोर काम असेल तर शेवटचा हात स्क्रायबस या पानं मांडायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फिरवा.

स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अक्षरं नसतातच, नुसता फोटो असतो. तिथे वरून नवा मजकूर टाकणं एवढंच हाती आहे.

आणि कुणी डिजिटल सहीचा सातबारा आणून "क्षेत्र जरा वाढवा ना भाऊ" म्हणालं, तर सरळ हात जोडा. इंकस्केपमधून पुन्हा सेव्ह केली की ती सही उरत नाही, आणि फेरफार केला तर तो गुन्हा आहे.