स्पॅनिशच्या वर्गात मराठी सोबत घेऊन बसा

नागपुरातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर स्पॅनिश शिकवते. वर्गात बी.कॉम.ची मुलं असतात, बीबीएची असतात, कामठी-उमरेडहून येणं-जाणं करणारी बी.एस्सी.ची असतात. पहिल्याच दिवशी जवळपास प्रत्येकाच्या वहीत दोन रकाने पडतात, डावीकडे स्पॅनिश आणि उजवीकडे इंग्रजी. माझी पहिली सूचना या वहीबद्दलच असते: उजवा रकाना मराठीचा करा. शब्द ओळखायला इंग्रजी कामाची आहे, ते पुढे सांगतेच. पण वाक्य कसं बांधायचं हे समजून घ्यायला आपली मराठी जास्त जवळची आहे. त्यातही नागपूरची मराठी.

सुरुवात उच्चारांपासून करा. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, आ, ए, इ, ओ, उ, आणि ते कुठेही बदलत नाहीत. टी म्हणजे त, डी म्हणजे द. इंग्रजीच्या सवयीने मुलं 'टेंगो' म्हणतात, ते 'तेंगो' आहे. क, प, त हे आपण जसे म्हणतो तसेच, श्वासाचा झोत न सोडता. एच लिहायचा पण म्हणायचा नाही, बी आणि व्ही दोन्ही ब, जे म्हणजे घशातून काढलेला ह, दोन एल म्हणजे य. एनच्या डोक्यावर लाट असली की न्य. एवढे नियम पाठ झाले की स्पॅनिशचा बराचसा कागद अर्थ न कळताही वाचता येतो.

हे पक्कं करायला मी मेट्रोच्या ऑरेंज लाइनच्या पाट्या वापरते. स्टेशनांची रोमन लिपीतली नावं फळ्यावर लिहायची आणि स्पॅनिश माणूस कशी वाचेल तशी वाचायची. रहाटे कॉलनीचं 'राआते' होतं, कारण एच मुका. अजनीचं 'आहनी'. झीरो माइलचं 'सेरो मीले', कारण झेड म्हणजे स. ऑटोमोटिव्हचं 'आउतोमोतीबे'. खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत एकदा जाऊन आलात की नियम डोक्यात बसलेले असतात. तुम्ही रोज मेट्रोने येत असाल तर हे रोज करा, मनातल्या मनात नाही, पुटपुटत.

याच पाट्यांवर जोर कुठे द्यायचा तेही शिकता येतं. शब्द स्वराने, एनने किंवा एसने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्या अक्षरावर. म्हणून सीताबर्डीत (रोमन लिपीत सीताबुल्डी) जोर 'बुल'वर येतो, इंदोऱ्यात 'दो'वर, आणि नगरचं 'नागार' होतं. नियम मोडणारा शब्द असेल तर स्वरावर छोटी तिरकी रेघ देतात, ती शोभेसाठी नसते. 'आब्लो' या शब्दात 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलतो', 'ओ'वर दिला तर 'तो बोलला'. मराठीत जोर बदलून अर्थ असा बदलत नाही, त्यामुळे आपला कान याला तयार नसतो. नवा शब्द लिहिताना ती रेघ त्याच क्षणी द्या, नंतर देऊ म्हणून ठेवू नका.

लांबवलेल्या 'र्र'ची भीती अनेकांना वाटते. 'पेरो' म्हणजे 'पण', 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, तेव्हा फरक करावाच लागतो. चिमणी भुर्र उडाली, कापड टर्र फाटलं, हे लहानपणापासून आपण म्हणतोच आहोत. तोच 'र्र' आहे. आधी भुर्र म्हणा, मग पेर्रो.

आता वाक्यांकडे. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे 'मला कॉफी आवडते'. इंग्रजीतून जाणारा विद्यार्थी इथे हमखास अडकतो, कारण इंग्रजीत आवडण्याचा कर्ता 'मी' असतो. मराठीत आवडणारी गोष्ट कर्ता असते आणि क्रियापद तिच्याप्रमाणे बदलतं. स्पॅनिशमध्येही तसंच. 'मला आंबे आवडतात' म्हणताना आपण 'आवडतात' करतो, तसं तिथे 'मे गुस्तान लोस मांगोस'. दुखण्याचंही असंच: डोकं दुखतं तर 'मे दुएले', पाय दुखतात तर 'मे दुएलेन'. पाठ्यपुस्तकात या एका क्रियापदावर पानं खर्ची पडलेली असतात. मराठी मुलांना ती गरज नाही, फक्त मधे इंग्रजी आणू नका.

'ला' या प्रत्ययाचंही तेच. 'मी मेट्रो बघते' म्हणतो, पण 'मी मैत्रिणीला बघते'. वस्तूला प्रत्यय नाही, माणसाला आहे. स्पॅनिशमध्ये वस्तूसाठी 'बेओ एल मेत्रो' आणि माणसासाठी 'बेओ आ मि आमीगा'. मधला तो 'आ' विसरू नये म्हणून पुस्तकं चौकटीत सूचना छापतात. तुम्ही मराठीत विचारून बघा, इथे 'ला' लागेल का? माणूस असेल आणि 'ला' लागत असेल, तर 'आ' टाका.

कर्ता गाळण्याचंही आपल्याला नवल नाही. 'येते', 'जातोस' एवढ्यावर आपण कोण ते ओळखतो, तसं 'आब्लो', 'आब्लास', 'आब्ला'वरून तिथे ओळखतात. प्रत्येक वाक्यात 'यो, यो' करत बसायची गरज नाही. 'तू'ला तर तिथेही 'तू'च म्हणतात, आणि मान देऊन बोलायचं तर 'उस्तेद'.

सगळ्यात जास्त वेळ मी 'आहे' या शब्दावर घालवते, आणि तुम्हीही घालवा. आपल्या एका 'आहे'ची स्पॅनिशमध्ये तीन क्रियापदं होतात. 'बर्डीवर स्टेशन आहे' आणि 'स्टेशन बर्डीवर आहे' ही दोन वाक्यं नीट ऐका. पहिल्यात स्टेशन असल्याची बातमी आहे, दुसऱ्यात माहीत असलेल्या स्टेशनचा पत्ता. पहिल्यासाठी 'आय', म्हणजे 'आय उना एस्तासिओन'. दुसऱ्यासाठी 'एस्तार', म्हणजे 'ला एस्तासिओन एस्ता एन' आणि पुढे जागा. तिसरं 'सेर', ओळख सांगणारं: 'ती डॉक्टर आहे', 'हे पुस्तक आहे', 'मी नागपूरची आहे'.

गोंधळ होतो तो सेर आणि एस्तारमध्ये. कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार, असा नियम पुष्कळ ठिकाणी सांगतात. मला तो पटत नाही. नागपूर काही तात्पुरतं महाराष्ट्रात नाही, तरी तिथे 'एस्ता'च लागतं. त्याऐवजी वाक्य कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते मराठीत बघा. कोण, काय, कुठला, स्वभावाने किंवा दिसायला कसा, या प्रश्नांना सेर. कुठे, आणि सध्या कसा, या प्रश्नांना एस्तार. 'तू कुठली आहेस?' याला सेर, 'तू कुठे आहेस?' याला एस्तार. पहिल्या सेमिस्टरच्या बहुतेक सगळ्या वाक्यांना हे पुरतं.

आणि मग एस्तारचा दुसरा उपयोग येतो, तिथे नागपूरच्या मुलांना वर्गात मान वर करून बसता येतं. 'काय करून राहिली?' 'जेवून राहिली.' 'पाऊस येऊन राहिला.' ही आपली बोली. स्पॅनिशमध्ये: 'के एस्तास आसिएन्दो?' 'एस्तोय कोमिएन्दो.' 'एस्ता योबिएन्दो.' 'राहिली'च्या जागी एस्तारचं रूप, 'जेवून'च्या जागी कोमिएन्दो. बांधणी तीच, फक्त क्रम उलटा. शाळेत 'करून राहिलो'वर लाल रेघ मारली गेली म्हणून मुलं अजूनही वर्गात ते बोलायला कचरतात. माझ्या वर्गात ते मी फळ्यावर लिहिते, स्पॅनिशच्या शेजारी, मोठ्या अक्षरात. एकच काळजी घ्या. आपण 'उद्या पुण्याला जाऊन राहिलो' असंही म्हणतो, स्पॅनिशमध्ये उद्यासाठी हे चालत नाही. तिथे साधा वर्तमानकाळ, 'मान्याना बोय आ पुणे'.

मराठी कुठे दगा देते तेही सांगायला हवं. लिंगं तिथे दोनच, आणि आपल्या कानावर विसंबून चालत नाही. टेबल तिथे स्त्रीलिंगी, 'ला मेसा', आणि पुस्तक पुल्लिंगी, 'एल लीब्रो'. शब्द कधीही एकटा लिहू नका, 'एल' किंवा 'ला' लावूनच लिहा. ओकारान्त बहुधा पुल्लिंगी, आकारान्त बहुधा स्त्रीलिंगी, पण 'एल प्रोब्लेमा', 'एल मापा', 'एल दीआ' आणि 'ला मानो' आधीच पाठ करून टाका, कारण हे रोज लागतात. विशेषण मात्र सोपं जातं. चांगला-चांगली तसं बुएनो-बुएना, आणि 'सुंदर' जसं मुलगा-मुलगी दोघांना तसंच राहतं, तसं 'ग्रान्दे'. फक्त ते नामाच्या नंतर येतं, 'कासा ग्रान्दे'. भूक, तहान, वय हे सगळं तिथे 'माझ्याकडे आहे' म्हणून सांगतात: तेंगो आम्ब्रे, तेंगो सेद, तेंगो दिएसिनुएबे आन्योस. उकाड्याचंही तसंच, आणि नागपूरच्या मे महिन्यात दोन्ही वाक्यं लागतात, हवेबद्दल 'आसे कालोर' आणि स्वतःबद्दल 'तेंगो कालोर'.

शब्दसंग्रहाला मात्र इंग्रजी मोकळेपणाने वापरा. शेवटी 'सिओन' किंवा 'दाद' असलेले कितीतरी शब्द आपोआप कळतात: नासिओन, एस्तासिओन, उनिबेर्सिदाद. फसवे शब्द थोडे आहेत, त्यांचं वेगळं पान करा. 'लिब्रेरीआ' म्हणजे पुस्तकांचं दुकान, ग्रंथालय नव्हे. 'रोपा' म्हणजे कपडे. 'एक्सितो' म्हणजे यश.

वर्गातल्या तासांचं गणित समजून घ्या. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे ३० तास. तेवढ्यात बोलायची संधी प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडी येते, म्हणून ती मागून घ्यावी लागते. पहिल्या आठवड्यातच चार वाक्यं तोंडपाठ करा: 'नो एन्तिएन्दो' म्हणजे कळलं नाही, 'मास देस्पासिओ' म्हणजे जरा हळू, 'पुएदे रेपेतीर?' म्हणजे पुन्हा सांगाल का, आणि 'कोमो से दीसे?' म्हणजे याला काय म्हणतात. शंका याच भाषेत विचारा. शिक्षकाला राग येत नाही, उलट फार बरं वाटतं, हे मी खात्रीने सांगते. जोडी लावायला सांगितली तर शेजारच्या मैत्रिणीबरोबर मराठीत गप्पा सुरू होतात. त्यापेक्षा दूरच्या बाकावरच्या, फारशी ओळख नसलेल्या मुलाला जोडीला घ्या. प्रश्न विचारायला खरं कारण मिळतं.

क्रियापदांचे तक्ते पाठ करा, पण तिथेच थांबू नका. एका क्रियापदाला वहीचं एक पान द्या. वर तक्ता, आणि खाली स्वतःच्या दिवसातली तीन वाक्यं. 'बीबो एन सक्करदरा.' 'बोय आ ला उनिबेर्सिदाद एन मेत्रो.' 'देसायुनो पोहे.' रोमन लिपीत पोहे लिहिलेत तर स्पॅनिश माणूस 'पोए' वाचेल, हेही लक्षात येऊ द्या. पुस्तकातला माद्रिदचा मुलगा रोज काय करतो हे विसरलं जातं, स्वतःची वाक्यं विसरली जात नाहीत. रूपांबद्दल शंका आली तर रिआल आकादेमिया एस्पान्योलाचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. व्याख्या सुरुवातीला जड जातील, पण क्रियापदाची सगळी रूपं तिथे मिळतात.

ओळख करून देताना बहुतेक मुलं 'नागपूर संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे' हे सांगतात आणि शब्दकोशातला 'नारान्हा' उचलतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घट्ट सालीचं, सुरीने कापायचं फळ येतं. आपलं हाताने सोलायचं सैल सालीचं संत्रं म्हणजे 'मान्दारीना'. तोच शब्द वापरा.

उच्चार स्पेनचा घ्यावा की लॅटिन अमेरिकेचा, हा प्रश्न दरवर्षी येतो. धन्यवादाला स्पेनच्या बऱ्याच भागात 'ग्राथिआस' म्हणतात, लॅटिन अमेरिकेत 'ग्रासिआस'. दोन्ही बरोबर. तुमचे शिक्षक बोलतात तो घ्या, दुसरा कानाला ओळखता आला की झालं.

ऐकण्याकडे कॉलेजच्या पेपरमुळे दुर्लक्ष होतं, कारण तिथे लेखी गुणांवर निभावतं. पण पुढे डेले ही परीक्षा द्यायची असेल तर निभत नाही. स्पेन सरकारने १९९१ साली स्थापन केलेली इन्स्तितूतो सेर्बान्तेस ही संस्था ती घेते, तिचं केंद्र दिल्लीत आहे, आणि प्रमाणपत्राला मुदत नसते. पहिल्या पातळीला, म्हणजे ए-वनला, वाचन आणि लेखन मिळून ५० पैकी ३० गुण हवेत, आणि श्रवण आणि संभाषण मिळूनही ५० पैकी ३०. व्याकरणातले गुण कानाला उसने देता येत नाहीत. म्हणून पाठ्यपुस्तकासोबतचा ऑडिओ रोज पंधरा मिनिटं ऐका, आधी मजकूर न बघता, मग बघून, मग पुन्हा न बघता. फुटबॉलची स्पॅनिश कॉमेंट्री आत्ता नको. तिचा वेग इतका असतो की कळत तर काही नाहीच, वर धीर खचतो.

३० तासांत ए-वनचा सगळा अभ्यासक्रम होत नाही, आणि नुसत्या ए-वनवर नोकरी मिळेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. कामापुरती भाषा यायला बी-टूपर्यंत, म्हणजे चौथ्या पातळीपर्यंत जावं लागतं. म्हणून पहिलं सेमिस्टर संपताच पुढच्या सेमिस्टरला स्पॅनिश मिळतंय का, ते कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्या. मिळत नसेल तर वर्गातल्या दोघी-तिघांना धरून आठवड्यातून दोनदा तास-तास बसा आणि ए-वनचं राहिलेलं पुस्तक संपवा.