बटणावर चौकोन का दिसतो? की-बोर्डची चिन्हे दाखवताना या चुका टाळा

आपल्या लॅपटॉपवर, सॉफ्टवेअरमधल्या बटणावरचे ⌫ (मागचे अक्षर पुसण्याचे चिन्ह) अगदी ठसठशीत दिसते आणि दुकानदाराच्या काउंटरवरच्या जुन्या संगणकावर त्याच जागी रिकामा चौकोन येतो. मग फोन येतो, "ते चौकोनाचं बटण दाबायचं का?" बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करताना हा प्रश्न मी बऱ्याचदा ऐकला आहे, आणि विचारणाऱ्याची त्यात काहीच चूक नसते. आपण चिन्ह पाठवत नाही. आपण पाठवतो तो चिन्हाचा युनिकोड क्रमांक, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला जगभर ठरवून दिलेला आकडा. ते रेखाटायचे काम समोरच्या यंत्रातल्या फॉन्टचे. तो फॉन्ट कोणता असेल हे गृहीत धरले की घोळ सुरू होतो.

दुरुस्तीला हात घालण्याआधी चौकोन दिसतोय की कचरा, ते नीट बघा. चौकोन म्हणजे क्रमांक बरोबर पोचला, पण फॉन्टमध्ये ते चिन्ह नाही. ⌘ (मॅकच्या की-बोर्डवरचे कमांडचे चिन्ह) च्या जागी डोक्यावर टोप्या असलेली विचित्र रोमन अक्षरे आली, तर एन्कोडिंग, म्हणजे हे क्रमांक बाइटमध्ये साठवायची पद्धत, बिघडले. मराठी सॉफ्टवेअरमध्ये याची परीक्षा सोपी आहे: यूटीएफ-८ या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये 'क' ला ३ बाइट लागतात आणि ⌘ लाही ३ च. म्हणजे त्याच बटणावर 'जतन करा' स्वच्छ दिसत असेल आणि चिन्हच तेवढे चौकोनी असेल, तर एन्कोडिंगच्या मागे लागून दिवस घालवू नका. चिन्ह असलेला फॉन्ट सॉफ्टवेअरसोबतच द्या. गूगलचा मोफत नोटो फॉन्ट वापरणार असाल तर त्याची चिन्हे 'सिम्बॉल्स' आणि 'सिम्बॉल्स २' अशा दोन फॉन्टमध्ये विभागलेली आहेत. आपले चिन्ह कोणत्या फाइलीत आहे ते उघडून पाहा.

फॉन्टच्या आडून अक्षराचे सोंग बदलणे ही जुनी खोड आहे. ₹ ला केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी मान्यता दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोड ६.० मध्ये आले. मधल्या काळात ` (बॅकटिक) च्या जागी ₹ काढणारे फॉन्ट फिरले. ज्याच्याकडे फॉन्ट नाही त्याला रकमेआधी नुसता ` दिसायचा. डीटीपीच्या जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून ज्यांनी कपाळाला हात लावला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आज ₹ साठी खरा क्रमांक आहे, तोच वापरा. आणि विंडोजवर 'कंट्रोल-ऑल्ट-४' हा शॉर्टकट कोणत्याही बटणाला देऊ नका: 'इंग्लिश (इंडिया)' मांडणीत ₹ याच कळांनी उमटतो.

परत फिरण्यासाठी ↩ वापरले आणि काही फोनवर त्याची रंगीत इमोजी झाली, तर त्या चिन्हामागे 'व्हेरिएशन सिलेक्टर १५' हा अदृश्य वर्ण जोडा. तो साधे, मजकुरासारखे रूप मागतो. काही ठिकाणी त्याचेही ऐकले जात नाही. म्हणून मुख्य बटणांसाठी मी सरळ एसव्हीजी चित्र वापरतो; ते रेषांनी काढलेले असते, त्याला फॉन्ट लागत नाही. एंटरसाठी ⏎ किंवा ↵ घेतले तर हा प्रश्नच येत नाही, कारण त्यांना इमोजीचे रूप नाही.

& गायब होण्याचे कारण निराळे. विंडोज फॉर्म्स आणि क्यूटी या सॉफ्टवेअरचे पडदे बनवायच्या साधनांमध्ये बटणाच्या मजकुरातला & म्हणजे 'पुढचे अक्षर शॉर्टकटचे' अशी खूण. 'साबण & शाम्पू' लिहिले की & नाहीसा होतो. तो दाखवायचा तर && लिहावे लागते. डब्ल्यूपीएफ या तशाच दुसऱ्या साधनात हेच काम _ करतो, तिथे __ लिहा. मालाच्या गटांची नावे डेटाबेसमधून थेट बटणांवर येत असतील, तर ही दुप्पट करण्याची जबाबदारी प्रोग्रामची आहे. दुकानदाराला '& टाकू नका' असे सांगणे हा उपाय नव्हे.

सगळ्यात जास्त हाल होतात ते पडद्यावरच्या मराठी की-बोर्डमध्ये, आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जाते. मात्रेला आधार लागतो. बटणावर नुसती 'ि' ठेवली तर कुठे ठिपक्यांचे वर्तुळ आपोआप येते, कुठे ती बटणाच्या कडेला चिकटते. तेव्हा वर्तुळ आपणच लिहा: ◌ि, ◌ू, ◌ृ. क्रम मात्र आधी वर्तुळ, मग मात्रा. वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती आधी टाइप केली की ती निराधार होते आणि बटणावर दोन वर्तुळे उमटतात. वर्तुळ आणि मात्रा एकाच फॉन्टमधून यायला हवीत. वर्तुळ दुसऱ्या फॉन्टमधून आले की जोडणी तुटते आणि पुन्हा तेच. वर्तुळ नकोच असेल तर न तुटणारी मोकळी जागा आधार म्हणून द्या. 'ऱ्य' मधला अर्धा र आणि ॲ यांना स्वतंत्र बटणे द्या. मराठीत ती रोज लागतात, आणि दुसऱ्या भाषेची मांडणी उचलून थोडी बदलली की नेमकी हीच राहून जातात.

बटणाची उंची इंग्रजी अक्षरे पाहून ठरवली की रफार आणि उकार कापले जातात. तपासायला 'पूर्ण करा' हे शब्द चांगले, 'पूर्ण' मध्ये खाली ऊकार आहे आणि वर रफार. उंची ठरावीक न ठेवता मजकुराप्रमाणे वाढू द्या.

⌘ हे चिन्ह १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी निवडले. मॅक वापरणाऱ्याला ते डोळे मिटून कळते, विंडोजवाल्याला त्याचा काहीच उपयोग नाही. प्रणाली ओळखून तिथे 'कंट्रोल' असा शब्दच दाखवा. शिवाय नुसते ⌫ असलेल्या बटणापुढे स्क्रीन रीडर (अंधांसाठी पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम) अडखळतो किंवा चिन्हाचे भलतेच इंग्रजी नाव वाचतो. वेबवर एरिया-लेबल (aria-label) या स्क्रीन रीडरसाठीच्या नावात 'मागचे अक्षर पुसा' लिहा आणि चिन्ह स्क्रीन रीडरपासून लपवा. मग स्क्रीन रीडर सुरू करून, पडदा बंद ठेवून, एक बिल स्वतः करून पाहा.