विकत घेतलेली गाणी फोन बदलला की जातात कुठं? या चुका टाळा

माझी आत्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहते. वय अडुसष्ट. पहाटे तंबोऱ्याच्या ॲपवर सूर लावून बसते आणि दुपारी आवराआवर झाली की जयपूर घराण्याच्या शास्त्रीय गायनाची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकते. गेल्या गणपतीत तिच्या मुलानं तिला नवा अँड्रॉइड फोन घेऊन दिला, जुना आयफोन एक्स्चेंजमध्ये गेला. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "अरे, माझी गाणी कुठं गेली बघ की. पैसे मोजून घेतली होती मी."

२०१३ पासून एकेक करत तिनं साठ-सत्तर ध्वनिमुद्रणं विकत घेतली होती. ती परत मिळवायला माझे दोन रविवार गेले. त्यात जे कळलं, आणि ओळखीपाळखीत अशीच गाणी शोधून देताना ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या, त्या इथं लिहितोय.

गाणी फोनमध्ये शोधत बसणं

गाणी हरवली की माणूस आधी फोन उलटापालटा करतो, मेमरी कार्ड काढून घालतो. पण डिजिटल दुकानातून घेतलेल्या गाण्याची नोंद फोनवर नसते, खात्यावर असते. त्यामुळं पहिला प्रश्न एकच: कुठल्या दुकानातून आणि कुठल्या ईमेलवरून घेतलं होतं?

आठवत नसेल तर जुन्या ईमेलमध्ये 'रिसीट', 'इनव्हॉइस' आणि 'ऑर्डर' हे तीन शब्द इंग्रजीत टाकून शोधा. पावती ज्या ईमेलवर आली, बहुतेक वेळा तेच तुमचं खातं. तिथं काही सापडलं नाही तर त्या वर्षांचं बँकेचं स्टेटमेंट काढा. दहा-पंधरा रुपयांच्या बारीक रकमा महिन्यातून तीन-चारदा वजा झालेल्या दिसल्या तर ती गाणीच असायची शक्यता मोठी.

आत्याच्या बाबतीत घोळ इथंच होता. पहिला आयफोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं "मावशी, मी करून देतो सगळं" म्हणत खातं काढून दिलं होतं. त्यासाठी त्यानं एक नवाच ईमेल तयार केला होता आणि तो आत्याला कधी माहीतच नव्हता. नशीब, जुन्या फोनच्या बिलामागं पेन्सिलीनं तो लिहिलेला सापडला. आपल्याकडं हे घरोघरी झालंय. तुमच्या आईवडिलांच्या फोनवरचं खातं कुणाच्या ईमेलवर आहे आणि ओटीपी कुठल्या नंबरवर जातो, हे आज बघून घ्या. बंद पडलेला मोबाइल नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या माणसाला मिळतो. मग ओटीपी त्याच्याकडं जातो आणि खात्याचं दार तुम्हाला बंद होतं.

जुना फोन आधी देणं, तपासणी नंतर

क्रम उलटा ठेवा. नव्या फोनवर किंवा कंप्युटरवर गाणी वाजताहेत हे कानानं ऐकल्याशिवाय जुना फोन रीसेट करू नका, एक्स्चेंजलाही देऊ नका. नुसती यादी दिसली म्हणून समाधान मानू नका. गाण्यापुढं ढगाचं चिन्ह असेल तर ते गाणं अजून उतरलेलं नाही. इंटरनेट बंद करून चार-पाच गाणी लावून बघा, म्हणजे खरं काय ते कळतं.

विकत घेतलेलं आणि भाड्यानं ऐकलेलं यांची गल्लत

सगळ्यात जास्त मनस्ताप या गल्लतीतून होतो, म्हणून इथं जरा थांबतो.

महिन्याचे पैसे भरून स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक किंवा जिओसावनवर जे ऐकतो ते भाड्याचं. तिथलं 'डाउनलोड' म्हणजे ॲपच्या आत कुलूपबंद ठेवलेली प्रत. स्पॉटिफायवर ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी वाजणं थांबतं. ॲपल म्युझिकची वर्गणी बंद केली की तिथून उतरवलेलं सगळं मुकं होतं. यात फसवणूक नाही, व्यवहारच तसा आहे. पण माणसं पाच वर्षं वर्गणी भरतात आणि आपला संग्रह झालाय असं समजतात, याचं मला वाईट वाटतं. एअरटेलचं विंक म्युझिक २०२४ मध्ये बंद झालं. अशा वेळी ॲपमध्ये जपलेल्या याद्या ॲपबरोबरच जातात.

विकत घेतलेल्याची गोष्ट वेगळी. आयट्यून्स स्टोअर हे ॲपलचं गाण्यांचं दुकान भारतात डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झालं. ॲपलनं गाण्यांवरचं कॉपीबंदीचं कुलूप त्याआधीच, २००९ मध्ये काढलं होतं. म्हणजे त्याच्या भारतातल्या दुकानातून घेतलेलं प्रत्येक गाणं बिनकुलपाचं आहे. ते अँड्रॉइडवर वाजतं, लॅपटॉपवर वाजतं, आणि एमफोरए (ही गाणी ज्या प्रकारात येतात ती फाइल) ओळखणाऱ्या गाडीतही वाजतं. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिला पटेना. आयफोनची गाणी आयफोनवरच चालतात, असं तिला कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं.

कुठलं गाणं कुठल्या प्रकारातलं हे ओळखायला विंडोज कंप्युटरवर आयट्यून्समध्ये गाण्यावर राइट क्लिक करून माहिती उघडा आणि 'काइंड' या ओळीकडं बघा. 'पर्चेस्ड एएसी' लिहिलं असेल तर ते तुमचं. 'ॲपल म्युझिक एएसी' असेल तर भाड्याचं. 'प्रोटेक्टेड' दिसलं तर ती परदेशी दुकानातून घेतलेली जुनी, कुलपाची फाइल.

खरेदीची यादी न उघडताच हात टेकणं

आयफोनवर आयट्यून्स स्टोअर ॲपमध्ये 'मोअर', मग 'पर्चेस्ड', मग 'म्युझिक' असं जा. तिथं 'नॉट ऑन धिस आयफोन' हा पर्याय आहे. फोनवर नसलेली खरेदी त्यात दिसते आणि पुन्हा पैसे न देता उतरवता येते. विंडोज कंप्युटरवर आयट्यून्सच्या 'अकाउंट' मेनूत हीच यादी आहे. यादीत एखादं गाणं नसेल तर ते कधीतरी चुकून 'हाइड' झालंय का बघा. लपवलेल्या खरेदीची यादी खात्याच्या सेटिंगमध्ये वेगळी असते. हे सगळं बघायच्या आधी तेच गाणं दुसऱ्यांदा विकत घेऊ नका.

आत्याकडं आता आयफोन नव्हता, म्हणून आम्ही माझ्या विंडोज लॅपटॉपवर आयट्यून्स टाकून तिच्या खात्यानं आत शिरलो. यादी उघडली आणि तिनं पदरानं चष्मा पुसला. सगळं उतरवून घेतलं, म्युझिक फोल्डरमधल्या फाइल केबलनं नव्या फोनवर टाकल्या. फोन केबलला जोडल्यावर पडद्यावर 'फाइल ट्रान्सफर' निवडावं लागतं, नाहीतर तो नुसता चार्ज होत बसतो आणि लोक केबलला दोष देतात.

एक सावधगिरी इथंच सांगतो. एका संगणकावर दोघातिघांची खाती आलटून पालटून वापरू नका. एका ॲपल खात्याला पाचच संगणक जोडता येतात, आणि एखादं उपकरण एका खात्याला जोडलं की दुसऱ्या खात्याला जोडायला ९० दिवस थांबावं लागू शकतं.

दोन खात्यांवर विभागलेली खरेदी एकत्र करायची सोय ॲपलनं २०२५ च्या सुरुवातीला आणली, पण तेव्हा त्यातून भारत वगळलेला होता. म्हणून आपल्याकडं साधा मार्ग बरा: दोन्ही खात्यांतून फाइल उतरवा आणि एका फोल्डरात ठेवा. अमेरिकेतल्या भावानं काढून दिलेलं खातं भारतात आणायचं असेल तरीही देश बदलायच्या आधी सगळं उतरवून घ्या. इथल्या दुकानात नसलेलं गाणं नंतर उतरवता येईलच असं नाही.

दुकान कायम राहील असं धरून चालणं

फ्लिपकार्टचं फ्लाइट हे एमपीथ्रीचं दुकान २०१२ मध्ये सुरू झालं आणि २०१३ मध्ये मिटलं. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं आणि फेब्रुवारी २०२१ नंतर तिथली माहिती पुसली गेली. ज्यांनी मुदतीत यूट्यूब म्युझिककडं बदली केली होती त्यांची खरेदी अजून सापडू शकते. यूट्यूब म्युझिकच्या लायब्ररीत 'अपलोड्स' हा भाग उघडा. बऱ्याच जणांना तो माहीतच नाही. गाण्याचं नाव वर शोधचौकटीत टाकतात, समोर सगळ्या जगाची गाणी येतात आणि स्वतःचं खाली दडून राहतं.

हा अपलोड्सचा भाग एरवीही उपयोगी आहे. ब्राउझरमधून स्वतःच्या एक लाखापर्यंत फाइल तिथं फुकट चढवता येतात, त्या फक्त तुम्हालाच दिसतात, आणि वर्गणी न भरता जाहिरातींशिवाय ऐकता येतात. मात्र चढवताना जीमेलचं खातं कुठलं उघडं आहे ते आधी बघा. मुलाच्या खात्यावर वडिलांची गाणी चढलेली मी पाहिली आहेत.

बँडकँप या गाणी विकणाऱ्या साइटवरून घेणाऱ्यांना एमपीथ्री (आवाजाचा काही भाग गाळून लहान केलेली फाइल) आणि फ्लॅक (काहीही न गाळता दाबलेली फाइल) दोन्ही प्रकारांत परत उतरवता येतं. शक्य असेल तर फ्लॅक घ्या आणि तीच मूळ प्रत माना. पाच मिनिटांचं गाणं ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण १२ एमबी होतं, सीडीच्या दर्जाचं न दाबलेलं सुमारे ५३ एमबी, आणि फ्लॅक बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास. फ्लॅकवरून एमपीथ्री कधीही करता येते. उलट केलं तर फाइल नुसती फुगते, गेलेला आवाज परत येत नाही.

नावं लिहिण्यातला गोंधळ

कोल्हापूरच्या माणसाला हा गोंधळ जास्तच भोवतो, कारण आपण ऐकतो ते मराठी आणि शास्त्रीय, आणि दुकानं नावं लिहितात इंग्रजीत, जसं सुचेल तसं. सुधीर फडके याच मातीत १९१९ साली जन्मले. माझ्याकडं त्यांचं नाव चार तऱ्हांनी होतं: देवनागरीत एक, इंग्रजीत दोन स्पेलिंग, आणि एका ठिकाणी गायकाच्या जागी चक्क कंपनीचं नाव. प्लेअरच्या लेखी ते चार वेगळे कलाकार. अर्धी गाणी सापडत नाहीत तेव्हा ती हरवलेली नसतात, दुसऱ्या नावाखाली असतात.

शास्त्रीय संगीतात तर आणखी अवघड. अल्लादिया खाँसाहेबांनी शाहू महाराजांच्या दरबारी राहून जे जयपूर घराणं इथं रुजवलं, त्याचं वैशिष्ट्यच अनवट (क्वचित गायले जाणारे) राग आणि जोडराग (दोन राग मिळून झालेले). 'बसंती केदार' किंवा 'संपूर्ण मालकंस' देवनागरीत शोधलं तर इंग्रजीत नाव असलेली फाइल येत नाही. त्यातून एकच राग दोन भागांत तोडलेला असेल तर जलद लयीतलं द्रुत आधी आणि संथ लयीतलं विलंबित नंतर वाजतं. ऐकणाऱ्याचा सगळा रस जातो.

विंडोजवर एमपीथ्रीटॅग नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात शेकडो फाइल एकदम निवडून गायकाचं नाव एकसारखं करता येतं. मी गायकाच्या रकान्यात नाव, शीर्षकात राग आणि बंदिशीचा मुखडा, आणि 'कॉमेंट'मध्ये ताल लिहितो. ट्रॅक क्रमांक न विसरता घालतो. गाडीच्या जुन्या प्लेअरवर मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर टॅगची (फाइलीतल्या या नावांच्या नोंदीची) आवृत्ती 'आयडीथ्री व्ही २.३' आणि 'यूटीएफ-१६' ठेवून बघा. तरी दिसलं नाही तर गाडीपुरत्या प्रतीत रोमन अक्षरं वापरा, मूळ प्रतीला हात लावू नका.

गाडीचं म्हणाल तर पेनड्राइव्ह 'फॅट३२'मध्ये फॉरमॅट करा आणि एमपीथ्री टाका. गगनबावड्याच्या घाटात फाइल वाजत नाही म्हणून गाडी बाजूला घेऊन खटपट करण्यापेक्षा घरीच गाडीत बसून तपासलेलं बरं.

व्हॉट्सॲपवरून गाणी इकडून तिकडं पाठवून संग्रह हलवू नका. फाइलीचं नाव जाऊन 'एयूडी' आणि तारीख उरते. शंभर गाण्यांनंतर कुठलं काय ते कळत नाही.

सगळ्या प्रती एकाच कपाटात

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी फुटांनी ओलांडली. शाहूपुरीतल्या आमच्या एका स्नेह्यांकडं दोन हार्ड डिस्क होत्या, म्हणजे त्यांनी बॅकअप व्यवस्थित घेतला होता. पण दोन्ही तळमजल्यावरच्या एकाच कपाटात, खालच्या कप्प्यात. तीस वर्षांच्या सीडींवरून उतरवलेलं सगळं गाळात गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा त्यांच्याकडं वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या घरात ठेवा. ते घर पूररेषेच्या बाहेरचं असावं, नाहीतर दुसऱ्या गावातलं. आत्याची तिसरी प्रत गडहिंग्लजला तिच्या धाकट्या बहिणीकडं आहे. वर्षातून एकदा डिस्क जोडून चार फाइल वाजवून बघायच्या, कारण डिस्क नुसती ठेवल्यानंही बिघडते.

आपल्यामागं काय, हे न ठरवणं

हे बोलायला जड जातं, पण वडीलधाऱ्यांच्या संग्रहाबद्दल बोलायलाच हवं. ॲपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो. आपल्यामागं त्या व्यक्तीला फोटो आणि कागदपत्रं मिळतात, पण विकत घेतलेलं संगीत त्यात येत नाही. म्हणून उतरवलेली फाइल हाताशी असणं महत्त्वाचं.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं बंदिशींची वही आणली. शेवटच्या पानावर ईमेल लिहिला, ओटीपीचा नंबर लिहिला, डिस्क कुठं कुठं आहे ते लिहिलं, आणि खाली नातीचं नाव घालून त्यापुढं लिहिलं, "ही सगळी हिला द्यायची. आधी भूप ऐकव."