किरणांनी तुटलेला डीएनए मोजताना: गॅमा-एचटूएएक्सचे ठिपके आणि घड्याळ

आमच्या प्रयोगशाळेत एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या दिवशी वाटत असतं, की किरणं मारलेल्या पेशीत डीएनएचा तुटलेला धागा मायक्रोस्कोपखाली दिसेल. धागा दिसत नाही, हिरवे ठिपके दिसतात. एकेक ठिपका ही ‘इथे तुटलंय’ अशी पेशीने स्वतः दिलेली हाक असते. ही हाक कशी उठते ते नीट कळलं, तर पुढची पद्धत पाठ करावी लागत नाही. म्हणून आधी तेच सांगते.

गॅमा किरणांनी डीएनएचे दोन्ही पदर एकाच जागी तुटले, की तिथे आधी तीन प्रथिनांचं एक टोळकं येऊन बसतं आणि एटीएम नावाच्या कायनेजला, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या एन्झाइमला, जागं करतं. एटीएम मग शेजारच्या एचटूएएक्स हिस्टोनच्या (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाच्या) १३९व्या सेरीनवर, म्हणजे साखळीतल्या त्या अमिनो आम्लावर, फॉस्फेट चढवतं. अमेरिकेत रोगाकू, बॉनर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली हा बदल दाखवला, आणि फॉस्फेट चढलेल्या या रूपाला गॅमा-एचटूएएक्स म्हणतात. एका तुटीभोवती लाखो बेसपर्यंत ही खूण पसरते. एवढीशी तूट साध्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपवर दिसते ती त्यामुळेच. तेच एटीएम दुसरीकडे चेकटू आणि पी५३ या पहारेकरी प्रथिनांनाही निरोप धाडतं, आणि पेशी विभाजन थांबवून दुरुस्तीला लागते.

हाक काही मिनिटांत उठते, अर्ध्या तासाच्या आसपास शिगेला पोचते आणि दुरुस्ती होईल तशी ओसरते. तेव्हा ‘एक ग्रेला इतके ठिपके’ (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या डोसचं एकक) हे वाक्य अर्धवट आहे. ‘एक ग्रे, तीस मिनिटांनी’ असं वहीत लिहायचं.

माझ्या पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मला दोन ग्रेचे आणि एक ग्रेचे ठिपके जवळजवळ सारखेच मिळाले. तीन आठवडे मी अँटिबॉडीवर, म्हणजे या खुणेला चिकटून ती रंगाने दाखवणाऱ्या प्रथिनावर, संशय घेत होते, नवी कुपीही मागवली. कारण होतं क्रमात. इरॅडिएटर, म्हणजे किरणं देणारं यंत्र, दुसऱ्या इमारतीत, त्याचा किरणोत्सर्गी सोर्स जुना आणि डोसरेट (दर मिनिटाला मिळणारा डोस) कमी. दोन ग्रेची प्लेट मी सर्वांत आधी ठेवली, बाकीच्या होईपर्यंत ती टेबलावर कोमट पडून राहिली आणि शेवटी सगळ्या एकदम फिक्स केल्या, म्हणजे पेशी रसायनाने आहेत तशा गोठवल्या. तिला दीड तास मिळाला होता, एक ग्रेच्या प्लेटला जेमतेम चाळीस मिनिटं. दोन ग्रेच्या पेशी तोवर बरीच दुरुस्ती करून मोकळ्या झाल्या होत्या.

तेव्हापासून प्लेटा बर्फावरच न्यायच्या आणि बर्फावरच आणायच्या, हा नियम मी मोडलेला नाही. थंडीत हाकही उठत नाही आणि दुरुस्तीही होत नाही. परत आल्यावर प्रत्येक प्लेटमध्ये ३७ अंशांचं गरम मीडियम घाला, त्या क्षणाला शून्य मिनिट म्हणा आणि प्लेटागणिक वेगळा टायमर लावा. कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी किरणं न दिलेली, प्लेटसुद्धा सोबत न्यायची. तिलाही तोच बर्फ, तोच जिना, तेवढाच वेळ. फक्त सोर्स उघडायचा नाही. प्रयोगशाळेतच इनक्युबेटरमध्ये सुखात बसलेली प्लेट कंट्रोल म्हणून चालत नाही.

डोसचा हिशेबही स्वतः करा. कोबाल्ट-६०चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं आहे, म्हणजे डोसरेट महिन्याला एक टक्क्याहून थोडा जास्त घटतो. भिंतीवरचा डोसरेटचा दाखला दोन वर्षांपूर्वीचा असेल आणि तुम्ही तोच आकडा धरलात, तर ‘एक ग्रे’ म्हणून तुमच्या पेशींना सुमारे ०.७७ ग्रेच मिळतील. सीझियम-१३७चा सोर्स असेल तर घट वर्षाला सुमारे सव्वादोन टक्के, पण तीही धरायचीच. आणि अंगावर पडलेला डोस नोंदवणारा टीएलडी बॅज छातीवर असल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकू नका. आपल्याकडे किरणोत्सर्गी कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे. गॅमा किरणांचा एक ग्रे म्हणजे १००० मिलिसीव्हर्ट, तेव्हा प्लेटला सहज देतो तो एक ग्रे म्हणजे त्याच्या पन्नासपट.

आता पेशी. माणसाचे फायब्रोब्लास्ट (त्वचेसारख्या ऊतींतल्या जोडपेशी) कव्हरस्लिपवर, म्हणजे काचेच्या पातळ चकतीवर, वाढवा, आणि थर पूर्ण भरला तरी अजून दोन दिवस थांबा. मुलांना हे थांबणं जिवावर येतं. पण डीएनएची नक्कल चालू असलेल्या पेशीत किरणांशिवायही गॅमा-एचटूएएक्स उठतं. भरलेल्या थरात बहुतेक पेशी विभाजन सोडून शांत बसलेल्या असतात, त्यामुळे कंट्रोल स्वच्छ येतो. डोस शून्य, ०.२५, ०.५, १ आणि २ ग्रे एवढे पुरतात. त्याच्या वर ठिपके एकमेकांवर चढतात आणि मोजणी खोटी पडते.

रंगवणं नेहमीचंच आहे: चार टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये पंधरा मिनिटं, पीबीएस या मिठाच्या बफरने तीन धुण्या, ट्रायटनने पेशींचं आवरण सैल करणं, अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून बीएसए या प्रथिनात तासभर ब्लॉकिंग, पहिली अँटिबॉडी रात्रभर चार अंशांवर, दुसऱ्या दिवशी अंधारात हिरव्या रंगाची दुसरी अँटिबॉडी, शेवटी न्यूक्लियस निळा दाखवणारा डॅपी. कडा नेलपॉलिशने बंद करा. ब्लॉकिंगला दूध पावडर वापरू नका. दुधातल्या केसीनवर स्वतःचेच फॉस्फेट असतात, आणि आपण तर फॉस्फेट शोधतोय. चेकटू किंवा पी५३चा वेस्टर्न (पेशी फोडून त्यातलं प्रथिन अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) करणार असाल तर हेच लक्षात ठेवा, शिवाय पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये सोडियम फ्लुओराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट घाला. नाहीतर पेशी फुटताच फॉस्फेट काढून टाकणारे फॉस्फेटेज एन्झाइम सगळे निरोप पुसून टाकतात.

खरी कसोटी मोजणीत लागते. ठिपका कशाला म्हणायचं हे पहिली स्लाइड बघण्याआधी वहीत लिहून सही करा: आकार किती, उजेड किती, जोडठिपका एक धरायचा की दोन. मग स्लाइडवरची नावं झाकून कुणाकडून तरी नुसते आकडे टाकून घ्या. दोन ग्रेची स्लाइड आहे हे माहीत असलं की डोळा जास्त ठिपके शोधतो. वीस वर्षं हेच काम केलेला डोळाही शोधतो. ६३ किंवा १००चं ऑइल लेन्स लावा आणि फाइन फोकस वरपासून खालपर्यंत फिरवा. न्यूक्लियसला जाडी असते, एकाच पातळीवर थांबलात तर वरखालचे ठिपके हुकतात. एखादा न्यूक्लियस सबंध हिरवागार दिसला तर ती पेशी मरणाच्या वाटेवर किंवा डीएनएची नक्कल करणारी असू शकते. ती मोजणीत धरायची नाही, पण अशा किती होत्या ते लिहायचं.

फायब्रोब्लास्टमध्ये एक ग्रेला तीस मिनिटांनी दर पेशी साधारण २० ते ४० ठिपके यावेत. सरासरी २५ आली तर पेशीपेशींतला फरक वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे पाच असणं स्वाभाविक आहे. तो खूपच मोठा आला तर थरात विभाजन करणाऱ्या पेशी मिसळल्यात का ते बघा. फारच लहान आला तर मोजणारा नकळत सरासरीकडे ओढत नाही ना, हे तपासा. फिफ्टीथ्री-बीपीवन या तुटीजवळच जमणाऱ्या दुसऱ्या प्रथिनासाठी लाल रंगाची अँटिबॉडी सोबत लावली, तर दोन्ही रंग एकाच जागी पडलेले ठिपके जास्त भरवशाचे.

माझ्या मते सगळ्यांत बोलकी स्लाइड चोवीस तासांची. बहुतेक विद्यार्थी तीच दमून उरकतात, कारण तोवर निरोगी पेशीत ठिपके थोडेच उरलेले असतात. पण अॅटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया या आनुवंशिक आजारात एटीएमच निकामी असतं. त्या रुग्णांच्या पेशीत डीएनए-पीकेसारखी एटीएमची भावकी, म्हणजे त्याच जातीची कायनेजं, खूण उठवायला पुढे येते, त्यामुळे ठिपके सुरुवातीला दिसतातही. दुरुस्ती मात्र पुरी होत नाही, आणि चोवीस तासांनी निरोगी पेशींहून जास्त ठिपके शिल्लक राहतात. अर्ध्या तासाच्या स्लाइडवर जो फरक निसटू शकतो, तो इथे उघडा पडतो. म्हणून अर्ध्या तासाच्या स्लाइडवर पन्नास पेशी मोजल्या असतील, तर चोवीस तासांच्या स्लाइडवर दोनशे मोजा, आणि त्या सकाळी, डोळे ताजे असताना मोजा.