ग्रोव्हर क्लीव्हलँडवर पाच मिनिटांचं भाषण कसं बसवायचं

वक्तृत्व स्पर्धेला भाच्याला ग्रोव्हर क्लीव्हलँड, म्हणजे अमेरिकेचा एक जुना राष्ट्राध्यक्ष, हा विषय मिळाला, रत्नागिरीत घरच्या पडवीत बसून आम्ही भाषण बसवलं, तेच सांगते. पहिलं म्हणजे जन्मतारखेने सुरुवात करू नका हो, १८३७ चा जन्म हे मधे कुठेतरी टाकलं तरी चालतं.

सुरुवात करा अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या कचऱ्यापासून. १८८२ ला हा तिथला मेयर झाला, म्हणजे आपला नगराध्यक्षच समजा, आणि रस्ते साफ करायचं पाच वर्षांचं टेंडर कौन्सिलने दिलं ४,२२,५०० डॉलरला, जेव्हा दुसरा माणूस लाखभर डॉलर कमीत करायला तयार होता! ह्याने सरळ व्हेटो मारला. इथे थांबा, दोन सेकंद गप्प. पावसाआधी गटारं उपसायची टेंडरं बघितलेली आपली माणसं आपोआप हसतात, वेगळं समजवावं लागत नाही.

मग मागे जा. १६ व्या वर्षी वडील गेले, कॉलेज नाही, वकिलांच्या ऑफिसात कारकुनी करत कायदा शिकला आणि १८५९ ला वकील झाला. पुढे शेरीफ, म्हणजे तिथला कायदा-सुव्यवस्था बघणारा अधिकारी, असताना दोन फाशा स्वतःच्या हाताने दिल्या, हे एका वाक्यात उरका, लहान पोरं समोर असली तर गाळाच.

आणि हो, अमेरिकेच्या यादवी युद्धात १५० डॉलर देऊन स्वतःच्या जागी लढायला बदली माणूस पाठवला होता तेही सांगा, नुसती आरती नको. शेवट तारखांवर, जरा फास्ट: १८८३ न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर, १८८५ राष्ट्राध्यक्ष. भाचा इथे श्वास घ्यायला विसरायचा, म्हणून कागदावर लाल पेनाने रेघ मारून दिली.